वावर विकून इंग्लंड, की प्लॉट गहाण ठेवून जर्मनी?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातला शेतकरी. नऊ एकर कोरडवाहू वावर, कपाशी, तूर, सोयाबीन. मोठी मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, सीजीपीए ७.८, दोन वर्षांपासून पुण्यात नोकरीला, पगार ३४ हजार. इंग्लंडच्या एका विद्यापीठात तिला एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळतो आहे, फी १८,५०० पौंड. कन्सल्टंट म्हणतो, सगळं मिळून ३२ लाख लागतील, पंधरा दिवसांत ५,००० पौंड डिपॉझिट भरा, नाहीतर सीट जाईल. रोडलगतच्या चार एकराला ४४ लाखांचं गिऱ्हाईक आहे. विहीर त्यातच आहे. यवतमाळात एक एनए प्लॉट आहे, बँकवाल्यांच्या अंदाजाने २५ लाखांचा. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ६ लाखांची एफडी आहे, तिचे स्वतःचे २ लाख आहेत. मुलगा बारावीत. १ लाख ६० हजारांचं पीककर्ज थकलंय, माफीची वाट पाहतोय. आम्ही कुणबी, नॉन-क्रिमीलेअर आहे. मुलगी जर्मनीचंही म्हणत होती, पण कन्सल्टंट म्हणाला तिकडं भाषेचा त्रास. वावर विकू का? लग्नाची एफडी मोडू का?

उत्तर :

भाऊ, वावर विकू नका, आणि पंधरा दिवसांत डिपॉझिटही भरू नका. मुलीला पाठवा, पण यंदा नाही. आणि माझं ऐकाल तर या विद्यापीठात तर नाहीच.

आधी ३२ लाखांचा आकडा कुठून आला ते सांगतो. इंग्लंडच्या व्हिसासाठी लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड राहण्याखाण्याला आहेत असं दाखवावं लागतं, तेही जास्तीत जास्त नऊ महिन्यांचं. कन्सल्टंटने तेच नऊ महिने धरले, फी मिळवली आणि पौंड ११० रुपयांनी मोजला. ३२ लाख बरोबर येतात. पण वर्षाला महिने बारा असतात, आणि पौंड आता १२० धरूनच चालावं. शिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या कोर्सचा व्हिसा साधारण सतरा महिन्यांचा मिळतो, म्हणून दीड वर्षाचा अधिभार, १,१६४ पौंड, आधीच भरावा लागतो. बेरीज ३३,७०० पौंडांच्या पुढे जाते, म्हणजे ४० लाख. तिकीट, व्हिसा फी, खोलीचं डिपॉझिट, थंडीचे कपडे धरून ४२ लाख समजा. तुमचे चार एकर त्यात पूर्ण जातात.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. नुसत्या कागदावरच्या गणिताने पाहिलं तर वावर विकणं शहाणपणाचं दिसतं. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये. कोरडवाहूत एकरी सहा-सात क्विंटल निघाला आणि भाव मिळाला, तरी बियाणं, फवारणी, वेचाई जाऊन चार एकरातून लाखभर रुपये हाती लागले तर नशीब. ४४ लाखांच्या मालमत्तेवर लाख रुपये म्हणजे सव्वादोन टक्के, आणि शैक्षणिक कर्जाचं व्याज दहा टक्के. पुण्या-मुंबईचा सल्लागार म्हणेल, विका आणि मोकळे व्हा. करही लागायचा नाही, कारण नगरपरिषदेच्या हद्दीपासून ठरलेल्या अंतराच्या बाहेरची शेतजमीन (दारव्ह्याएवढ्या गावासाठी २ किलोमीटर) प्राप्तिकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरतच नाहीत.

तरी मी नको म्हणतो. रोड आणि विहीर गेली की उरलेल्या पाच एकरांचा भाव चार एकरांच्या निम्मादेखील राहणार नाही. मुलगा बारावीत आहे, वाटा त्याचाही आहे. पंधरा दिवसांची घाई गिऱ्हाइकाला कळली की इसार घेतानाच भाव पडतो. आणि सरळ विचारतो, ४४ लाखांतले खरेदीखतावर किती लिहिणार? आपल्याकडे काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे. रोखीत आलेला पैसा ना व्हिसाला दाखवता येतो, ना बँकेतून परदेशी पाठवता येतो. इंग्लंडच्या व्हिसाला तर रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून असावी लागते. कर्जावर शिकली तर फेड तिच्या पगारातून होईल, कोर्स संपेपर्यंत आणि वर सहा महिने ते वर्षभर हप्ता नसेल. वावर विकलं तर फेड तुम्ही दोघं आजच करून मोकळे झालात, आणि पदवीतून काही निघालं नाही तर हात लावायला मागे काही नाही.

परदेशी शिक्षणाच्या कर्जाला मी एकच कसोटी लावतो : मुलगी शिकून परत आली, तिकडं नोकरी लागलीच नाही, पुण्यात नोकरी धरली, तर त्या पगारात हप्ता निघतो का? तिकडच्या पगाराचे आकडे कोणी सांगितले तर ऐकून घ्या, हिशेबात धरू नका.

इंग्लंडचं पाहू. ४२ लाखांतले तुमचे सहा गेले, कर्ज ३६ लाख. दोन वर्षांचं व्याज चढून ४३. पंधरा वर्षांच्या मुदतीने दहा टक्क्यांवर हप्ता ४६ हजार. मास्टर्स करून पुण्यात ५५-६० हजार मिळाले तर ती खाणार काय? शिवाय शिक्षणानंतर तिथे राहून नोकरी शोधायला मिळणारा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्षाचा मिळणार आहे. सप्टेंबर २०२६ ला गेलेली मुलगी नेमकी त्यात सापडते. नंतरच्या कामाच्या व्हिसासाठी नव्याने पदवी घेतलेल्यांनाही निदान ३३,४०० पौंडांचा पगार देणारी कंपनी लागते. देणारे आहेत, पण मध्यम दर्जाच्या विद्यापीठातून एका वर्षात बाहेर पडलेल्या परदेशी मुलीसाठी वाट अरुंद आहे.

जर्मनीचं गणित वेगळं. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण फी नाही, सहामाहीला १०० ते ३५० युरो वर्गणी असते. अपवाद ध्यानात ठेवा : बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सहामाहीला ४,००० ते ६,००० युरो लावलेत. राहण्याखाण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी ठेवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. पैसा तिचाच, फक्त हप्त्याने मिळतो. दोन वर्षांचे वर्गणीसकट साधारण २५,००० युरो, १०५ रुपयांनी २६ लाख, तिकीट-परीक्षा-अर्ज धरून २८. मॅग्डेबुर्ग, केम्निट्झ अशा पूर्वेकडच्या शहरांत खोलीभाडं म्युनिकपेक्षा बरंच कमी, तिथे हा पैसा पुरतो. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या वर्षाची कमाई मी शून्यच धरतो. २८ पैकी २२ लाख कर्ज, ते टप्प्याटप्प्याने उचललेलं, व्याजासकट २६ समजू. पंधरा वर्षांचा हप्ता २८ हजार. पुण्याच्या पगारात ओढाताण होईल, पण निघेल.

मग कन्सल्टंट जर्मनी का नाही म्हणाला? भाषेचा त्रास खोटा नाही. वर्ग इंग्रजीत असले तरी नोकरीला जर्मन लागतंच, निदान बी-वन म्हणजे मधल्या पातळीचं. पण दुसरं कारणही आहे. इंग्लंडची बरीच विद्यापीठं एजंटला पहिल्या फीतून कमिशन देतात. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठात फीच नाही, कमिशन कुठून येणार? म्हणून जर्मनीचा फारच हट्ट धरला तर तुमच्यापुढे तिथलं खासगी विद्यापीठ ठेवतील, वर्षाला दहा-बारा हजार युरो फीचं. ते नको. जर्मन विद्यापीठांच्या डाड (DAAD) संस्थेच्या वेबसाइटवर इंग्रजी कोर्स फीसकट शोधता येतात, मुलगी एका रविवारी यादी करेल.

या यादीवर तिने वेळ घालवावा, सगळी मेख तिथे आहे. जर्मन विद्यापीठ नुसती टक्केवारी बघत नाही, पदवीत कोणता विषय किती क्रेडिटचा शिकलात ते जुळवून बघतं. गणित इतकं, सिग्नल्स इतकं, कमी पडलं तर सीजीपीए नऊ असला तरी नकार. म्हणून प्रत्येक कोर्सची पात्रता आणि तिचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून तपासावं. गुण त्यांच्या पद्धतीने मोजतात, १ सगळ्यात चांगला. तिचे ७.८ हे पास व्हायची मर्यादा ४ धरली की ५, यावर २.१ ते २.३ च्या आसपास येतात. बऱ्याच ठिकाणी २.५ पर्यंत अर्ज घेतात, म्हणजे ती शर्यतीत आहे. सहा-सात ठिकाणी अर्ज करावेत, दोन मोठ्या नावाचे, बाकी जुळणारे. बरेच अर्ज युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात, पहिल्याला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकी ३०. त्याआधी दिल्लीच्या एपीएस कार्यालयाकडून कागदपत्रांचा पडताळणी दाखला लागतो, फी १८ हजार रुपये. भारतीय विद्यार्थ्यांना तो नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचा आहे आणि त्याला वेळ लागतो. आज सुरुवात केली तर ऑक्टोबर २०२७ चं सत्र आरामात धरता येतं. मधल्या काळात ती पुण्यात आहेच, तिथल्या मॅक्सम्युलर भवनात संध्याकाळचं जर्मन लावावं. पगार चालू राहतो, अनुभव वाढतो. वर्ष वाया जातं असं मला वाटत नाही.

हे वर्ष आणखी एका कारणासाठी हवं. कुणबी नॉन-क्रिमीलेअर म्हणून इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, आणि सारथी या मराठा-कुणबी समाजासाठीच्या सरकारी संस्थेच्या सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्तीतही कुणबी बसतात. दोन्हींना क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मधलं विद्यापीठ लागतं. आता हातात आलेलं त्यात नाही. जर्मनीतली आखेन, कार्ल्सरूह, बर्लिनचं तांत्रिक विद्यापीठ ही त्यात येतात. दोन मोठ्या नावाचे अर्ज म्हणालो ते याचसाठी. मिळालं तर कर्जच लागणार नाही. इंग्लंडच हवं असेल तर ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग आहे, दोन वर्षांच्या नोकरीची अट तिने पुरी केलीय, फी आणि राहणं सगळं मिळतं. बुलढाण्याच्या खेड्यातले राजू केंद्रे याच शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले. त्यांची एकलव्य इंडिया फाउंडेशन पहिल्या पिढीतल्या अशा मुलामुलींना अर्ज करायला मदत करते, मुलीने संपर्क करावा. कर्जच काढावं लागलं तर ओबीसी महामंडळाची परदेशी शिक्षणासाठी २० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज परताव्याची योजना आहे. जिल्हा कार्यालय यवतमाळलाच, प्लॉटचे कागद घेऊन बँकेत जाल तेव्हा तिथेही डोकावा.

कर्जाचं म्हणाल तर शेतजमीन शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण घेत नाहीत. थकबाकीत तारण ताब्यात घ्यायचा जो सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. तुमचा यवतमाळचा एनए प्लॉट मात्र चालतो, तोच गहाण ठेवा. तो नुसता पडून आहे, वावरासारखं त्याच्यावर पोट नाही. सरकारी बँकेतच जा, वित्त कंपन्यांचं व्याज चढं असतं. कर्जातून परदेशी पाठवलेल्या पैशावर टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) लागत नाही, स्वतःच्या खात्यातून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवला तर वरच्या रकमेवर लागतो. नंतर रिटर्न भरून परत मिळतो, पण तोवर अडकतो.

एक अडथळा मात्र मोठा आहे, आणि तो तुमच्या हातातला आहे : थकलेलं पीककर्ज. माफी येईल न येईल, सिबिलमध्ये तुम्ही आज थकबाकीदार आहात आणि सहकर्जदार म्हणून बँक तुमचंच सिबिल पाहणार. १ लाख ६० हजारांच्या माफीसाठी २२ लाखांचं कर्ज अडून राहील. व्याजासकट भरून टाका, बेबाकी दाखला घ्या, सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा कमी करून घ्या. बँकेने सेटलमेंटची सूट देऊ केली तरी घेऊ नका, सिबिलवर सेटल्ड असा शेरा राहतो. पुढे दरसाल वेळेत फिरवलंत तर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज पंजाबराव देशमुख योजनेत शून्य टक्क्याने पडतं. सिबिल सुधारायला काही महिने लागतात, तेही या वर्षात होऊन जाईल.

राहिली लग्नाची एफडी. मोडा. पीककर्ज फिटून ४ लाखांच्या वर उरतील. परदेशी शिक्षणाच्या कर्जात १५ टक्के रक्कम आपली घालावी लागते, २८ लाखांवर ती ४ लाख २० हजार होते, म्हणजे त्यातच भागतं. एपीएस, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आणि अर्जांचा खर्च तिच्या दोन लाखांतून. पण मोडण्याआधी मुलीला फोन करून विचारा, पैसा तिच्या नावाने ठेवलाय. तिची आई नाराज होईल असं तुम्ही लिहिलं नाही, तरी विचारायच्या यादीत त्यांचं नाव पहिलं घ्या.