क्योंगजूला आई-बाबांना घेऊन जाताय? मग नामसान वगळू नका

तुम्ही नोकरीनिमित्त दक्षिण कोरियात बुसानला आहात, ऑक्टोबरात आई-बाबा येताहेत, दोघंही साठीच्या पुढचे, आणि क्योंगजूसाठी, म्हणजे प्राचीन शिल्ला राज्याच्या राजधानीसाठी, हाताशी दोन दिवस आहेत. बुलगुक्सा मंदिर आणि सॉकगुराम लेणं ठरलेलंच आहे. नामसान डोंगर घ्यावा का, चढ झेपेल का आणि शाकाहारी जेवणाचं काय, हे तुम्ही विचारलंय. तुमच्या प्रश्नाखाली दोघातिघांनी ‘नामसान सोडा, तो ट्रेकर लोकांसाठी’ असं उत्तर दिलंय. मला ते अजिबात पटत नाही. नामसानचं शिखर सोडा, नामसान सोडू नका.

आधी सॉकगुरामबद्दल, कारण तिथून निराश होऊन परतणारी आपली माणसं मी बरीच पाहिली आहेत. आपण अजिंठा-वेरूळ बघितलेली माणसं. लेणं म्हटलं की डोंगर आत कोरत नेलेला असणार, असं आपण धरून चालतो. सॉकगुराम तसं नाही. तिथला खडक ग्रॅनाइट, आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टपेक्षा कोरायला कितीतरी चिवट. म्हणून शिल्ला राज्यातल्या कारागिरांनी ग्रॅनाइटचे चिरे घडवले, ते एकमेकांत बसवून गोल गाभारा आणि वर घुमट रचला आणि मग वरून माती लोटून त्याचं लेणं केलं. काम सुरू झालं इ.स. ७५१ मध्ये. घुमटाच्या टोकावरची शिळा तीन ठिकाणी तडकलेली आहे. ती घडवताना फुटली आणि रात्री देवांनी येऊन जागेवर ठेवली, अशी कथा आहे.

आत भूमिस्पर्श मुद्रेतला, म्हणजे उजवा हात जमिनीकडे टेकवलेला बुद्ध आहे, साधारण साडेतीन मीटर उंच. पण तुम्ही काचेच्या भिंतीबाहेर उभे असता, फोटो काढता येत नाहीत आणि मागून रांग ढकलत असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी राजवटीत दुरुस्तीसाठी सिमेंट वापरलं गेलं, त्यानंतर आत ओल धरू लागली. काच आहे ती हवा आणि ओलावा आवरण्यासाठी. मूर्तीच्या बरोबर मागे अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे, म्हणजे समोरून तो दिसत नाही. आपल्या कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यातही अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. आई-बाबांना निघण्याआधी तो दाखवून आणता आला तर जरूर आणा, निदान फोटो तरी पाठवा. काचेपलीकडे काय दडलंय हे ठाऊक असलं की तिथली पाच मिनिटंही भरून जातात.

तुम्ही आई-वडिलांसोबत जाताय म्हणून आणखी एक. तेराव्या शतकात इरयॉन नावाच्या भिक्खूने लिहिलेल्या ‘सामगुक युसा’ या जुन्या कथा-इतिहासाच्या ग्रंथात असं आहे की किम देसॉंग या मंत्र्याने बुलगुक्सा बांधलं ते या जन्मीच्या आई-वडिलांसाठी आणि सॉकगुराम मागल्या जन्मीच्या आई-वडिलांसाठी. पहिला दिवस या दोन जागांना द्या. बुलगुक्साहून सॉकगुरामला १२ नंबरची बस जाते. डोंगरातली पायवाटही आहे, पण ती सलग चढाची, आई-बाबांना बसच बरी. बस थांबते तिथून लेण्यापर्यंतची वाट रुंद, सावलीची आणि बऱ्यापैकी सपाट आहे. पानगळीच्या मोसमात शनिवार-रविवारी वरच्या रस्त्यावर गाड्या तुंबतात, म्हणून सॉकगुराम सकाळी लवकर उरका आणि मग निवांत खाली बुलगुक्साला या. २०२३च्या मे महिन्यापासून दोन्हीकडचं प्रवेश शुल्क बंद झालंय. बुलगुक्साची लाकडी दालनं १५९०च्या दशकातल्या जपानी स्वारीत जळाली, आज दिसतात ती नंतरची. दगडी जिने, जोती आणि अंगणातले दोन स्तूप मात्र आठव्या शतकातले. वेळ दगडाला द्या.

आता दुसरा दिवस, म्हणजे नामसान. सर्वांत उंच शिखरही पाचशे मीटरच्या आत, पण या एका डोंगराच्या घळींमध्ये शंभराहून अधिक मंदिरांचे अवशेष आणि कितीतरी बुद्धमूर्ती विखुरल्या आहेत. इथे काच नाही, रांग नाही. मूर्ती आहे त्या खडकावर, आहे त्या झाडाखाली. शिल्लाच्या लोकांनी हा अख्खा डोंगरच पूजेला धरला होता, हे इथे पायी फिरल्याशिवाय उमगत नाही. बुलगुक्सा-सॉकगुराम ही राजधानीची वैभवाची बाजू झाली. श्रद्धा जवळून बघायची तर इथे या.

बहुतेक लोक पश्चिमेकडून, सामनुंगच्या तीन राजसमाध्यांपासून चढतात. ती वाट तुमच्या आई-बाबांसाठी नाही. तुम्ही पूर्वेचा पायथा धरा. तिथे तीन जागा एकमेकींजवळ आहेत, टॅक्सी केली तर प्रत्येक ठिकाणी थोडंसंच चालावं लागतं.

पहिली बुलगोक. एका कातळात मीटरभर खोल कोनाडा कोरून त्यात बसलेली मूर्ती, मान किंचित झुकलेली, हात बाह्यांमध्ये लपलेले. स्थानिक लोक तिला ‘आजी बुद्ध’ म्हणतात आणि चेहरा बघितला की का ते कळतं. नामसानवरच्या सर्वांत जुन्या मूर्तींपैकी ही एक. थोडा चढ आहे, हळूहळू जा.

दुसरी थापगोक. माझी सगळ्यात आवडती. नऊएक मीटर उंचीचा एकच प्रचंड खडक, त्याच्या चारही बाजूंना बुद्ध, भिक्खू, उडत्या अप्सरा, सिंह. उत्तरेच्या अंगावर दोन मनोरे कोरलेत, त्यातला एक नऊ मजली. क्योंगजू शहरात ह्वांगन्योंगसा मंदिराचा नऊ मजली लाकडी मनोरा होता, सातव्या शतकात बांधलेला. १२३८ मध्ये मंगोल स्वारीत तो जळाला. आज त्या जागी फक्त पायाचे दगड आहेत. तो मनोरा कसा दिसत असेल याची कल्पना करताना अभ्यासक या खडकाकडे वळतात. कोरीवकाम उथळ आहे, ग्रॅनाइटमध्ये ते तसंच असतं, त्यामुळे भर दुपारी ऊन डोक्यावर असताना गेलात तर अर्धं दिसणारच नाही. ऊन तिरपं असतानाची वेळ साधा आणि खडकाला पूर्ण प्रदक्षिणा घाला.

तिसरी बोरीसा, भिक्खुणींचा मठ. इथला बसलेला बुद्ध प्रभावळीसकट टिकलाय, नामसानवर हे दुर्मीळ. प्रभावळीच्या मागे जाऊन बघायला विसरू नका, तिथे भैषज्यगुरू, म्हणजे औषधाचा बुद्ध, रेषांनी कोरलाय. समोरून फोटो काढून निघून जाणाऱ्यांना तो ठाऊकच नसतो.

उरलेल्या वेळात क्योंगजूचं राष्ट्रीय संग्रहालय. नामसानहून आणलेले लहान मुलांच्या चेहऱ्याचे बोधिसत्त्व तिथे आहेत, आणि अंगणात ७७१ सालची राजा सॉंगदॉकची घंटा, जवळपास १९ टनांची.

तुम्ही मात्र नंतर एखाद्या शनिवारी एकटे या आणि सामनुंगहून चढून योंगजांगच्या घळीत उतरा. तिथल्या योंगजांगसा मंदिराच्या जागी कड्यावर तीन मजली दगडी स्तूप आहे, ज्याला खालचं जोतं वेगळं नाही, डोंगर हेच त्याचं खालचं जोतं. शिल्लाची नजर मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसते. पाय साथ देत असतील तर आणखी एखाद्या दिवशी नामसानच्याच दक्षिणेकडच्या योलामगोक घळीतही जा. २००७ मध्ये तिथे सत्तर-ऐंशी टनांची तोंडावर पडलेली बुद्धमूर्ती सापडली. नाक आणि खालचा खडक यांत फक्त पाच सेंटीमीटरचं अंतर, म्हणून चेहरा शाबूत. ती उभी करावी का यावर तिथे बराच खल चालू आहे. मला विचाराल तर घाई नको, इतकी शतकं वाचलेला चेहरा एका चुकीत जाऊ शकतो.

जेवणाचं. बिबिमबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, सहज मिळतं, मागवताना ‘कोगी पे जुसेयो’, म्हणजे मांस वगळा, असं सांगा. अंडं चालत नसेल तर ‘केरान’साठीही तेच. सूप मात्र भाज्यांचं दिसलं तरी पाणी बहुधा सुक्या मासळीचं असतं, आणि किमचीत माशाचा सॉस असतो. बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण मिळालं तर निर्धास्त खा, त्यात कांदा-लसूणही नसतो. नामसानच्या पायथ्याच्या आडबाजूला हॉटेलं शोधत बसण्यापेक्षा आईंनी आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत टाका.

आणि रस्त्यांसाठी गूगल मॅप्सवर विसंबू नका, नेव्हर किंवा काकाओ या कोरियन ॲपचा नकाशा आधीच फोनवर घेऊन ठेवा. बुसानच्या नोपो स्थानकाहून बस केलीत तर तासाभरात थेट गावात उतरता; केटीएक्स ही वेगवान रेल्वे त्याहून लवकर पोहोचते, पण तिचं स्थानक गावाबाहेर आहे. सामान आणि आई-बाबा सोबत असताना मी बसच घेईन.