हाउसमध्ये पास झालं म्हणजे कायदा झाला का?

अमेरिकेच्या काँग्रेसबद्दल, म्हणजे तिकडच्या संसदेबद्दल, बरीच पत्रं आली यावेळी, आणि बहुतेक सगळी ज्यांची मुलं तिकडे आहेत अशा आईवडिलांची. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यातली चार घेतोय.

प्रश्न (सांगलीहून एक काका): मुलगा न्यू जर्सीत आहे, एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. 2025 मध्ये बातमी आली की तिकडून घरी पैसे पाठवले तर 5 टक्के कर कापणार, मग म्हणाले साडेतीन, "पास झालं" म्हणून सगळ्या ग्रुपवर फिरलं, आणि शेवटी म्हणे एकच टक्का, तोही बँकेतून पाठवला तर नाही. नक्की पास काय झालं होतं?

उत्तर: काका, तिन्ही आकडे खरे होते, फक्त वेगवेगळ्या टप्प्यांवरचे. आपल्याला सवय अशी की लोकसभेत झालं की झालं, त्यात पैशाचं विधेयक असेल तर राज्यसभेच्या हातात फक्त 14 दिवस आणि सूचना, त्या लोकसभेने नाही मानल्या तरी चालतं. तिकडे तसं अजिबात नाही. हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जमध्ये 435 जण, सिनेटमध्ये 100, आणि कर लावायचं विधेयक हाउसमधूनच सुरू व्हायला पाहिजे असं घटनेत लिहिलंय, पण एकदा ते सिनेटमध्ये गेलं की सिनेट त्यात पाहिजे ते बदलू शकतं. आणि दोघांनी एकच मजकूर, अगदी शब्दन् शब्द तोच, मंजूर केल्याशिवाय तो राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जातच नाही.

आता तुमचा कर घ्या. मे 2025 मध्ये हाउसच्या कर बघणाऱ्या समितीच्या मसुद्यात 5 टक्के होते. 22 मेला पूर्ण हाउसने ते मोठ्ठं विधेयक 215 विरुद्ध 214, म्हणजे एका मताने पास केलं तेव्हा साडेतीन झाले होते, आणि ते नागरिक नसलेल्यांनी पाठवलेल्या पैशांवर, म्हणजे तुमच्या मुलासारखे एच-वन-बी वाले, ग्रीन कार्डवाले सगळे त्यात आले. तुमच्या ग्रुपवर फिरलं ते हे. पण तो कायदा नव्हता, एका घराचं म्हणणं होतं फक्त.

मग सिनेट. तिथे डेमोक्रॅट्सनी आग्रह धरला की संपूर्ण विधेयक मोठ्याने वाचा, तो त्यांचा हक्कच असतो, मग क्लार्कनी आळीपाळीने उभं राहून साधारण 940 पानं वाचली, जवळजवळ 16 तास. त्यानंतर चर्चा, मग रात्रभर एकेका दुरुस्तीवर मतदान, आणि 1 जुलैला शेवटच्या मतदानात 50-50 झाले. उपराष्ट्राध्यक्ष हा सिनेटचा अध्यक्ष असतो, एरवी त्याला मत नाही, पण बरोबरी झाली तर आहे, ते मत व्हान्स यांनी दिलं. सिनेटच्या या मजकुरात तुमचा कर 1 टक्क्यावर आला होता आणि फक्त रोख, मनी ऑर्डर, कॅशियर्स चेक अशा मार्गाने पाठवलेल्या पैशांवर. तिथल्या बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डवरून पाठवले तर काही नाही.

बदललेलं विधेयक परत हाउसकडे आलं. हाउस नाही म्हणू शकलं असतं, पुन्हा बदलून पाठवू शकलं असतं, किंवा दोन्हीकडच्या लोकांची समिती बसवून मधला मजकूर काढता आला असता. पण राष्ट्राध्यक्षांना 4 जुलैला सही करायची होती, म्हणून 3 तारखेला 218 विरुद्ध 214 ने सिनेटचाच मजकूर जसाच्या तसा मान्य झाला. 1 जानेवारी 2026 पासून तो लागू आहे. मुलगा बँकेतून पाठवत असेल तर काही कापलं जाणार नाही.

प्रश्न (नाशिकहून एक काकू): माझी मुलगी किती वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. ती म्हणते भारतीयांची रांग कमी करणारा कायदा दोन्ही सभागृहांत पास झाला होता. मग तो गेला कुठे?

उत्तर: काकू, ती बरोबर सांगतेय. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डात एका देशाला साधारण 7 टक्क्यांच्या वर द्यायचं नाही असा नियम आहे, म्हणून भारतीयांची रांग एवढी वाढलीय. तो नियम काढायचं विधेयक हाउसने 10 जुलै 2019 ला 365 विरुद्ध 65 ने पास केलं, दोन्ही पक्षांनी मिळून, इतका एकोपा तिकडे क्वचित दिसतो. सिनेटने पण त्याच विषयावरचं आपलं विधेयक 2 डिसेंबर 2020 ला मंजूर केलं. पण मजकूर वेगळा! सिनेटच्या मसुद्यात एच-वन-बी बद्दलच्या जादा अटी आणि आणखी बरंच होतं. ते जुळवून एक करायला हातात महिना उरला होता, ते जमलं नाही, आणि 3 जानेवारी 2021 ला त्या काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली. मुदत संपली की अर्धवट राहिलेलं सगळं बाद, नवीन काँग्रेसमध्ये पहिल्यापासून सुरुवात. आपल्याकडे अडलं तर दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक घेता येते, 1961 ला हुंडाबंदीसाठी घेतली, नंतर 1978 आणि 2002 ला. तिकडे ती सोयच नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण लाखो घरांचा प्रश्न होता आणि विरोध म्हणावा तर दोन्हीकडे बहुमताचा नव्हताच.

सिनेटला दीड वर्ष का लागलं हे पण सांगतो, कारण सिनेट समजून घ्यायचं तर इथेच. हाउसमध्ये बहुमतवाल्यांचा कारभार असतो, किती तास चर्चा, किती दुरुस्त्या, सगळं एक नियम समिती ठरवते. सिनेटमध्ये बोलायला लागलेल्या सदस्याला सहजासहजी थांबवता येत नाही, चर्चा बंद करायची तर 100 पैकी 60 मतं लागतात, आणि तीही प्रक्रिया काही दिवस खाते. म्हणून छोटीमोठी कामं "कुणाची हरकत?" असं विचारून उरकतात, पण मग एकाने जरी हरकत घेतली की अडलं. तुमच्या मुलीचं विधेयक 2019 मध्ये असंच एकेका सिनेटरच्या हरकतीवर अडत राहिलं, आणि शेवटी वाटाघाटी करून अटी घातल्या तेव्हा सुटलं.

ही 60 ची अट घटनेत नाहीये, सिनेटचा स्वतःचा नियम आहे. चर्चा बंद करायचा नियमच मुळात 1917 मध्ये आला, तेव्हा दोन तृतीयांश लागायचे, 1975 ला 60 केले. याच्या जोरावर दक्षिणेतल्या सिनेटरांनी वर्षानुवर्षं कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे कायदे अडवून धरले. 1964 चा नागरी हक्क कायदा कामकाजाचे 60 दिवस चर्चेत रखडला होता, 10 जूनला 71 विरुद्ध 29 ने चर्चा बंद केली तेव्हा वाट मोकळी झाली. अल्पसंख्य पक्षाला आवाज मिळतो म्हणून हा नियम चांगला असं म्हणणारे आहेत, त्यांचं म्हणणं मी वाचलंय, पण 1964 आठवलं की मला ते पटत नाही. न्यायाधीश आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुकांसाठी 2013 ला आणि सुप्रीम कोर्टासाठी 2017 ला ही अट काढली, तिथे आता साधं बहुमत पुरतं. बजेटसंबंधीच्या विधेयकाला पण 1974 च्या कायद्याने एक वेगळी वाट दिलीय, म्हणून तर सांगलीच्या काकांचं विधेयक 51 मतांवर पार पडलं.

प्रश्न (बेळगावहून): आमच्याकडे वाढलेले श्री ठाणेदार तिकडे खासदार झाले. पण 2022 ला निवडून आले आणि 2024 ला परत निवडणूक लढले, असं कसं? आणि ते सिनेटर का नाहीत?

उत्तर: ते हाउसचे सदस्य आहेत, मिशिगनच्या 13 व्या मतदारसंघातून, डेट्रॉइटचा बराच भाग त्यात येतो. हाउसची मुदतच दोन वर्षं, म्हणजे निवडून आला की लगेच पुढच्या प्रचाराला लागा. सिनेटर सहा वर्षांसाठी असतो, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सिनेट निवडणुकीला जातं. हाउसच्या जागा लोकसंख्येवर, सरासरी 7 लाख 60 हजार लोकांमागे एक. सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याला दोन म्हणजे दोनच. कॅलिफोर्नियात साधारण 4 कोटी लोक, हाउसमध्ये 52 जागा, वायोमिंगमध्ये 6 लाखही नाहीत, जागा 1, पण सिनेटमध्ये दोघंही सारखेच. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला 19 आणि गोव्याला 1, तिकडच्या हिशोबाने दोघांनाही दोनदोन मिळाल्या असत्या.

हे 1787 ला फिलाडेल्फियात ठरलं. लहान राज्यं म्हणाली सारखा वाटा नसेल तर आम्ही येत नाही, मोठी म्हणाली लोकसंख्या बघा, शेवटी दोघांचं एकेक मान्य केलं. आणि घटनेत लिहून ठेवलं की कुठल्याही राज्याचा सिनेटमधला समान वाटा त्याच्या संमतीशिवाय काढता येणार नाही, त्यामुळे बदलणं जवळपास अशक्यच. सुरुवातीला सिनेटर राज्यांच्या विधिमंडळांतून निवडले जायचे, 1913 पासून थेट लोक निवडतात.

प्रश्न (पुण्याहून): राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचं दोन्हीकडे बहुमत, तरी मतं मोजत बसावी लागतात. व्हिप नाही का?

उत्तर: व्हिप आहे, पण पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून सदस्यत्व जात नाही, आपल्यासारखा पक्षांतरबंदीचा कायदा तिकडे नाही. 28 जुलै 2017 च्या मध्यरात्रीनंतर ओबामांचा आरोग्य कायदा मोडायचं मतदान सिनेटमध्ये चाललं होतं, रिपब्लिकन 52 होते. त्यांच्यातलेच एक सिनेटर जॉन मॅकेन यांना त्याच महिन्यात मेंदूचा कॅन्सर निघाला होता, ते टेबलासमोर आले, हात पुढे केला आणि अंगठा खाली. आधीच दोन रिपब्लिकन विरोधात होते, 49 विरुद्ध 51 ने विधेयक पडलं. सरकार मात्र पडत नाही, कारण मंत्री संसदेतले नसतातच.

सिनेटमध्ये अजून नाव पुकारून मत घेतात, हाउसमध्ये 1973 पासून कार्ड घालून बटण दाबतात, आणि कुणी काय मत दिलं ते दोन्हीकडच्या साइटवर नावानिशी दिसतं. नाशिकच्या काकूंना एक सांगायचं राहिलं. मुलीला म्हणावं हाउसच्या साइटवर झिप कोड टाकून आपला प्रतिनिधी शोध, नागरिक नसली तरी चालतं. इमिग्रेशनकडे केस अडकून पडली असेल तर ते ऑफिस चौकशी करतं, एका संमतीपत्रावर सही तेवढी द्यावी लागते. रांग त्याने कमी होणार नाही, पण फाइल नक्की कुठे आहे हे बऱ्याचदा कळतं.