पुणे ते ऑकलंड : नक्की किती तास?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून ऑकलंड किती लांब, प्रवासाला एकूण किती वेळ लागतो आणि नऊ वर्षांच्या मुलीला तो झेपेल का. व्हिसाबद्दल काही सांगत नाही, ते सरकारी साइटवर सगळं आहे. (फक्त जन्मदाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं मुलीचं नाव आजच ताडून बघा. एका 'ई'च्या जागी दोन 'ई' होते म्हणून मी एका कचेरीत चार चकरा मारल्या. चौथ्यांदा साहेब जेवायला गेले होते.)

मुंबई ते ऑकलंड सरळ रेषेत साधारण 12,300 किलोमीटर. थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे गेलात तर वळसा जवळपास पडतच नाही: सिंगापूरपर्यंत 3,900 किलोमीटर, साडेपाच तास, तिथून पुढे 8,400, दहा तास. मधला थांबा धरून साइटवर वीसेक तास दिसतील. त्यावर जाऊ नका. आम्ही कर्वेनगरहून दुपारी तीनलाच निघतो, कारण घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की संपलंच. मग मुंबई विमानतळावरचे तीन-साडेतीन तास, उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा. आईच्या उंबऱ्यापासून इथल्या दारापर्यंत तीस तास. परतीला वारा समोरून, अजून तासभर धरा.

मुलीला प्रवास झेपेल. मुलं झोपतात, चिडचिड आपलीच होते. आमच्या लेकीला झेपली नाही ती शाळा. इथलं वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतं, आम्ही जुलैत आलो. तिचे पाढे तीसपर्यंत पाठ, इंग्रजी वाचन उत्तम. पण उच्चार वेगळे म्हणून तिला इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांत बसवलं, तेही नेमकं गाण्याच्या तासाला. मी शाळेत जाऊन भांडायला हवं होतं. नवीन आहोत, कशाला वाईटपणा, म्हणून गप्प बसलो. ती आता गात नाही. त्यामुळेच असं म्हणत नाही मी, पण डोक्यातून जात नाही.

एकटेपणाचं सगळे विचारतात. सवय होते.

खरी गोष्ट वेगळीच आहे. हा तीस तासांचा आकडा मला फार कामाला आला. मावसभावाचं लग्न, आईची पंचाहत्तरी, घरचा गणपती, दर वेळी मी तेच म्हणालो, "अगं, जाण्यायेण्यातच चार दिवस जातात." खोटं नव्हतं. पण रजा शिल्लक होती, पैसेही होते. यायचा कंटाळा होता, हे आज पहिल्यांदाच लिहितोय.

मार्चमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मला आठ दिवसांनी कळलं, तेही व्हिडिओ कॉलवर ती घरात काळा चष्मा लावून बसलेली दिसली म्हणून. मी चिडलो. ती म्हणाली, "तूच सांगतोस ना, चार दिवस जातात. एका डोळ्यासाठी कुठे तुला बोलावू?"

दुसरा डोळा दिवाळीनंतर आहे. तुमच्यासाठी हे तास मोजताना तिकिटांचे दर उघडून बसलोय, अजून काढलेलं नाही.