सिंडिंगची ‘वसंताची सळसळ’ : उजवा हात भरून येतो त्याबद्दल

नॉर्वेजियन संगीतकार क्रिश्चन सिंडिंगची पियानोवरची ‘फ्रूलिंग्सराउशेन’ (म्हणजेच ‘वसंताची सळसळ’) बसवताना दुसऱ्या पानापर्यंत उजवा हात भरून येतो आणि कानाला नुसता गलका वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. हॅननचे (बोटांची ताकद वाढवणारे पियानोचे) व्यायाम वाढवू का, असंही विचारलंय. माझं मत, नको. बोटांत ताकद आहे, लक्ष चुकीच्या हातावर आहे.

सुरुवातीची धून डावा हात गातो, उजवा तिच्यावरून फक्त वाहतो. आठवडाभर एकटा डावा हात वाजवा, धून तोंडाने म्हणत म्हणत. ती पाठ झाली की उजवा हात पुटपुटल्यासारखा तिच्यावर सोडा. आवाज निम्म्यावर आला की मनगटही सैल पडतं. मी स्वतः दोन वर्षं मनगट आवळून हे वाजवत होतो, रात्री कोपराला शेक घ्यायचो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून इतकं लिहितोय.

आता स्केल. डी फ्लॅट मेजर, पाच फ्लॅट (सूर अर्धा उतरवायच्या खुणा) बघून धडकी भरते. पण पेटीवाल्यांची ही आपली काळी एक! पाचही काळ्या पट्ट्या स्केलमध्ये, पांढऱ्या दोनच, एफ आणि सी. लांब बोटं काळ्यांवर आणि आखूड अंगठा पांढऱ्यावर ठेवून बघा, पंजा कसा अलगद बसतो. पियानोचा मोठा संगीतकार शोपँ शिष्यांना सी मेजरऐवजी बी मेजरपासून सुरुवात करून द्यायचा, ते याचसाठी. अंगठ्याने झेप घेऊ नका. आधी कोपर बाजूला सरकू द्या, अंगठा त्याच्या मागून येतो.

नावात एट्यूड (एखादं तंत्र घोटून घेणारी रचना) नसलं तरी काम एट्यूडचंच आहे. 1896 सालची ही रचना ओपस 32 (संगीतकाराच्या रचनांचा अनुक्रमांक) मधल्या सहा तुकड्यांपैकी तिसरी. ‘राउशेन’ म्हणजे पानांची सळसळ, तसाच पाण्याचा घोंगावही. सिंडिंग 1856 मध्ये नॉर्वेतल्या कोंग्सबेर्गला जन्मला. तिथे लोगेन नदी भर गावातून धबधब्याने उतरते आणि वसंतात बर्फ वितळलं की फुगते. मला तरी यात पानांपेक्षा ते पाणीच जास्त ऐकू येतं. त्यामुळे उजव्या हाताची प्रत्येक लाट चढताना थोडी भरू द्या, उतरताना ओसरू द्या. सगळे सूर एकाच जोराने वाजले की पाणी संपलं, पत्रा वाजायला लागला.

गलक्याचा निम्मा दोष पेडलचा, म्हणजे सूर लांबवणाऱ्या पायपट्टीचा, असतो. नवा बास (सर्वांत खालचा) सूर वाजला की पाय उचलायचा आणि लगेच पुन्हा दाबायचा. सूर वाजण्याआधी उचललात तर मधे भोक पडतं, उशीर केलात तर दोन हार्मनी (एकत्र वाजणारे स्वरसमूह) एकमेकांत कालवतात. आधी फक्त बास आणि पाय, उजवा हात मांडीवर, असं चार दिवस करा. आणि 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर हे बसवत असाल तर थांबा. पट्ट्या पुरणार नाहीत, हलक्या पट्ट्यांवर हाताला वजनाचा अंदाजही येणार नाही. जवळपास कुठे खरा पियानो असेल तर आठवड्यातून एक तास मागून घ्या.