बुडीआधीचे वीस श्वास

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा नातू पोहायला जातो. पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो, अशी मुलांची पैज लागते. बुडी मारण्याआधी तो काठावर उभा राहून वीसेक मोठे श्वास भराभर घेतो. ‘आजी, ऑक्सिजनचा साठा करतोय,’ म्हणतो. फुफ्फुसांत असा साठा होतो का?

उत्तर : आजी, कारण मागाहून सांगतो. आधी हा प्रकार आजच्या आज बंद करा.

निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासावरही ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? तुमचं पत्र वाचून मी खुर्चीत बसून बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि नातवासारखे वीस श्वास घेतले. आकडा ९८ चा ९९ झाला, बस. ओठांभोवती मात्र मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटल्याची ती खूण.

गोम तिथेच आहे. श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो तो मुख्यतः साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ऑक्सिजन अजून पुष्कळ असतो. आपण उच्छ्वासातून सोडतो त्या हवेतसुद्धा सुमारे १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. नंतर मी नुसता श्वास रोखून पाहिला. छातीखालचा पडदा आपसूक हिसके देऊ लागला, तरी ऑक्सिमीटर ९७ वरच. म्हणजे मेंदूची घंटा वेळेच्या बरीच आधी वाजते.

तुमचा नातू ती घंटाच उशिरा वाजेल अशी सोय करतोय. कार्बन डायऑक्साइड आधीच उडवून लावल्यामुळे तो पुन्हा साठायला वेळ लागतो. ऑक्सिजन मात्र नेहमीच्याच वेगाने संपतो. घुसमट जाणवण्याआधीच शुद्ध जाते. असा मुलगा हातपाय मारत नाही, तडफडत नाही. काठावरच्यांना वाटतं, हा पैज जिंकतोय! पट्टीचे पोहणारेही असे बुडाले आहेत.

त्याला रागावू नका. पोरगं हट्टाला पेटेल. ऑक्सिमीटर मिळाला तर घरी खुर्चीत बसवून माझा प्रयोग दाखवा, एकदाच, आणि तुम्ही शेजारी असताना. पैज लावायचीच तर कोण किती फेऱ्या पोहतो याची लावा म्हणावं, डोकं पाण्याबाहेर काढत. आणि त्याच्या प्रशिक्षकांच्या कानावर हे घाला, कारण पैज तो एकटा लावत नसणार.