डॅलसला मुलीकडे येतोय. फोर्ट वर्थसाठी वेगळा दिवस काढावा का?

काढाच, आणि पूर्ण दिवस काढा. "तिथे गुरांशिवाय काही नाही" असं तुम्हाला कोणीतरी सांगितल्याचं लिहिलंय. मी याच भागात राहते, हे मीही पुष्कळ ऐकलंय, आणि मला ते अजिबात पटत नाही. 2020 च्या जनगणनेत 9,18,915 वस्ती असलेलं आणि आता दहा लाखांच्या वर गेलेलं हे टेक्सासमधलं शहर आहे. डॅलसपासून जेमतेम पन्नास किलोमीटर. पण जाण्याआधी त्याची गोष्ट ठाऊक असली तर बघण्याला अर्थ येतो, म्हणून ती आधी सांगते.

6 जून 1849 ला मेजर रिप्ली अर्नोल्ड यांनी ट्रिनिटी नदीकाठी लष्करी ठाणं वसवलं. मेक्सिकोच्या युद्धात लढलेले जनरल वर्थ नुकतेच कॉलऱ्याने गेले होते, त्यांचं नाव ठाण्याला दिलं. गोऱ्या वसाहतींचं मूळ रहिवाशांपासून रक्षण करायचं हे त्या ठाण्याचं काम. म्हणजे जमीन कोणाची होती हे विसरून हा इतिहास वाचता येत नाही. स्टॉकयार्ड्समध्ये, म्हणजे जुन्या गुरांच्या बाजाराच्या भागात, कोमांची या मूळ रहिवासी जमातीचे प्रमुख क्वाना पार्कर यांचा पुतळा आहे, तिथे थोडं थांबा.

चार वर्षांत लष्कर पुढे पश्चिमेला गेलं. रिकाम्या ठाण्यात लोक राहायला लागले, पण गाव खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते यादवी युद्धानंतर. टेक्सासमध्ये लांब शिंगांची लाँगहॉर्न गुरं मोकाट वाढली होती. इथे चार डॉलरला मिळणाऱ्या जनावराला उत्तरेत चाळीस डॉलर मिळायचे. मग कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत हजारोंचे कळप पायी हाकत न्यायचे. चिझम ट्रेल म्हणतात तो हाच रस्ता. पुढे ओसाड मुलूख, म्हणून पीठ, कॉफी, काडतुसं भरून घेण्याचा शेवटचा मोठा मुक्काम फोर्ट वर्थचा. परतीच्या वाटेवर खिशात पैसे असलेले गुराखी जिथे ते उधळायचे, त्या दारूच्या आणि जुगाराच्या वस्तीला हेल्स हाफ एकर म्हणत.

1873 च्या मंदीत रेल्वेचं काम डॅलसच्या जरा पुढे येऊन थांबलं. लोक गाव सोडायला लागले. 1875 मध्ये डॅलसच्या एका वर्तमानपत्रात छापून आलं की फोर्ट वर्थ इतकं सुस्त झालंय, भर रस्त्यात एक पँथर झोपलेला दिसला. या गावाने तो टोमणा स्वतःचं बिरूद करून टाकला. आजही तिथल्या पोलिसांच्या बिल्ल्यावर पँथर आहे! रेल्वे कंपनीला सरकारी जमीन मिळणार होती ती विधानसभेचं अधिवेशन संपायच्या आत गाडी पोहोचली तरच. तेव्हा दुकानं बंद करून गावकरी रूळ टाकायला उतरले, बायकांनी त्यांचं खाणंपिणं सांभाळलं. 19 जुलै 1876 ला पहिली गाडी आली. मला या शहराबद्दल जो जिव्हाळा आहे तो या प्रसंगामुळे.

त्यानंतर स्विफ्ट आणि आर्मर या कंपन्यांचे मांसाचे मोठे कारखाने 1903 च्या सुमारास सुरू झाले, पुढे तेलाचा पैसा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर गुरं रेल्वेऐवजी ट्रकने जाऊ लागली आणि तो बाजार ओसरला. पण विटांचे रस्ते, लाकडी आवारं शिल्लक आहेत. स्टॉकयार्ड्समधल्या एक्सचेंज ॲव्हेन्यूवर रोज सकाळी साडेअकराला आणि दुपारी चारला लाँगहॉर्नचा छोटा कळप रस्त्यावरून नेतात. दहा मिनिटांत संपतं, त्यामुळे आधी जाऊन सावलीची जागा धरा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो. गुराख्यांच्या खेळांचं 1908 चं बंदिस्त मैदान, काउटाउन कोलिझियम, तेही तिथेच आहे.

तिथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर संग्रहालयांचा भाग आहे आणि माझ्या मते फोर्ट वर्थचं खरं वैभव ते आहे. धान्य आणि तेलाच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या के किंबेल यांच्या संपत्तीतून उभं राहिलेलं किंबेल संग्रहालय 1972 चं. वास्तुकार लुई कान, म्हणजे अहमदाबादचं आयआयएम ज्यांनी बांधलं तेच. ते आवार पाहिलं असेल तर इथे हात ओळखू येईल, पण तिथली लाल वीट इथे नाही. इथे काँक्रीटच्या लांबलचक कमानी आहेत. प्रत्येक कमानीच्या माथ्यावर अरुंद फट, तिच्याखाली ॲल्युमिनियमचा परावर्तक. टेक्सासचं रणरणतं ऊन त्यावर आपटून छताच्या पोटावर पसरतं आणि आत येतं ते मऊ, चंदेरी होऊन. कान 1974 मध्ये अहमदाबादहून परतत असतानाच न्यूयॉर्कच्या स्टेशनात वारले. मायकेलअँजेलोने अगदी कोवळ्या वयात रंगवलेलं संत अँथनीचं चित्रही इथे आहे. कायमस्वरूपी संग्रहाला तिकीट नाही. शेजारचं एमन कार्टर संग्रहालयही मोफत आहे, आणि गुराख्यांच्या त्या काळाची रेमिंग्टन आणि रसेल यांची चित्रं पाहायची तर तिथेच. जपानी वास्तुकार तादाओ अंदो यांनी बांधलेलं आधुनिक कलेचं संग्रहालय समोरच आहे, पाण्यात उभं असल्यासारखं. त्याला मात्र तिकीट आहे.

खाण्याचं म्हणाल तर स्टॉकयार्ड्समध्ये सगळा मामला बार्बेक्यू आणि स्टेकचा. शाकाहारी असाल तर टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासच्या मेक्सिकन धाटणीच्या हॉटेलात चीज एन्चिलाडा (चीज भरलेली मक्याच्या पोळीची गुंडाळी) मिळेल, पण राजम्यासारख्या दिसणाऱ्या बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते, विचारल्याशिवाय घेऊ नका.

मुलीला सुट्टी नसेल तरी अडू नका, डॅलसहून ट्रिनिटी रेल्वे एक्सप्रेस तासाभरात पोहोचवते. फक्त ती रविवारी धावत नाही, आणि किंबेल आणि एमन कार्टर दोन्ही सोमवारी बंद असतात. मधला एखादा वार धरा.