इटलीतल्या चेतारा या गावाचा खरा वारसा कोणता?

चर्च आणि समुद्रकाठचा जुना टेहळणी बुरूज पाहाच, पण चेताराचा खरा वारसा लाकडी पिंपात आहे, असं मी म्हणेन. अमाल्फी किनाऱ्यावरचं हे कोळ्यांचं छोटंसं गाव 'कोलातुरा दी अलीची'साठी ओळखलं जातं. अलीची म्हणजे अँचोव्ही, आपल्या मांदेलीच्याच कुळातला मासा. वसंत ते उन्हाळ्यात धरलेल्या या माशांची डोकी आणि आतडी काढतात, मग चेस्टनटच्या लाकडाच्या पिंपात मासे आणि मीठ यांचे थर रचतात. वर लाकडी झाकण, त्यावर दगडांचं वजन. महिनोन्‌महिने मुरल्यावर तळाशी भोक पाडून थेंब थेंब गाळलेला तांबूस रस म्हणजे कोलातुरा. प्राचीन रोमनांच्या 'गारुम' या मत्स्यरसाशी त्याचं नातं सांगतात. 2020 मध्ये त्याला युरोपीय संघाचं 'डीओपी' हे उगमस्थानाचं संरक्षित मानांकन मिळालं.

नाताळच्या आदल्या रात्री तिथे हा रस, लसूण आणि ऑलिव्ह तेल घातलेली स्पॅगेटी करतात. रस इतका खारट असतो की पास्ता उकळताना पाण्यात मीठ घालत नाहीत. गेलात तर एक छोटी बाटली नक्की आणा.